बारा जागा, चार वर्षे

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा. ३० आमदारांनी निवडायच्या, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, ७ पदवीधरांच्या, ७ शिक्षकांच्या. सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबचा नोंदणी केलेला पदवीधर पुणे विभागाच्या मतदारसंघात मत देतो. उरलेल्या १२ जागांवर साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतली माणसे राज्यपाल नेमतात. या बाराही जागा जून २०२० पासून ऑक्टोबर २०२४ पर्यंत रिकाम्या होत्या. सहकारावर जगणाऱ्या सोलापूर जिल्ह्याने हे मनावर घ्यायला हवे.

राज्यपाल हे ब्रिटनच्या राजासारखे घटनात्मक प्रमुख. तिथे संसदेने मंजूर केलेले विधेयक शेवटचे नाकारले गेले १७०८ मध्ये, राणी अ‍ॅनच्या काळात. आपल्याकडेही राज्यपालांनी, मोजके अपवाद सोडता, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालावे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या ७ न्यायाधीशांनी १९७४ मध्ये समशेर सिंग खटल्यात सांगितले.

मग चार वर्षे गेली कुठे? नोव्हेंबर २०२० मध्ये ठाकरे मंत्रिमंडळाची १२ नावांची यादी राज्यपाल कोश्यारी यांच्याकडे गेली. होकार नाही, नकारही नाही. वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०२१ रोजी म्हटले. तरी यादी तशीच पडून राहिली. २९ जून २०२२ रोजी ठाकरेंनी राजीनामा दिला आणि नव्या सरकारने ती मागे घेतली. पुढे १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी, ७ जणांचा शपथविधी झाला. एव्हाना तिसरे राज्यपाल आले होते.

घाई करायची तर तीही होते. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५.४७ ला राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास राजभवनात मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. ते सरकार चार दिवसही टिकले नाही.

माझ्या मते राज्यपालांची खरी ताकद घड्याळात आहे. जून २०२२ मध्ये ठाकरे सरकारला बहुमत चाचणीचा आदेश देण्यापुरता आधार राज्यपालांकडे नव्हता, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितले. पण ठाकरेंनी चाचणीआधीच राजीनामा दिल्याने जुने सरकार परत आणता आले नाही. विधेयकांवरील संमतीसाठी न्यायालय ठरावीक मुदत घालू शकत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाच्या २० नोव्हेंबर २०२५ च्या अभिप्रायातून स्पष्ट झाले. आता मुदत संसदेनेच घालायची. नियुक्त्यांसाठी राज्यघटनेच्या कलम १७१ मध्ये ९० दिवसांची मर्यादा हवी, हे आपल्या खासदारांना लेखी कळवा.