संबंध खरा की भासमान?

१८६६ ते १९११ या काळात इंग्लंड-वेल्समधला मृत्युदर आणि चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण, दोन्ही घटत गेले. सहसंबंध निघाला तब्बल ०.९५! संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी १९२६ मध्ये हे उदाहरण देऊन अशा भासमान संबंधांबाबत सावध केलं होतं. अर्थशास्त्रात मात्र हा इशारा नीट रुजायला १९७४ उजाडलं. त्या वर्षी ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अर्थमितितज्ज्ञांनी संगणकावर परस्परांशी संबंध नसलेल्या, दिशाहीन भटकणाऱ्या आकडेमालिका तयार केल्या. नेहमीच्या टी-चाचणीने सुमारे तीन-चतुर्थांश वेळा त्यांच्यात ‘संबंध’ शोधून काढला. शेअर निर्देशांक, महागाई, जीडीपी यांची तुलना करताना हा धोका कायम असतो. म्हणून आधी डिकी-फुलर चाचणीने मालिका स्थिर आहे का, म्हणजे दिशाहीन भटकत तर नाही ना, ते तपासावं. नसेल तर मूळ आकड्यांच्या पातळीऐवजी दरवर्षीचा बदल ताडून पाहावा.