हसरा चेहरा आणि छातीतलं दुखणं

रात्री साडेदहा वाजता घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आजोबांचा निरोप येतो, ‘संध्याकाळपासून छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय.’ शेवटी कपाळावर घामाचा थेंब असलेला हसरा चेहरा. पुण्याहून सून लिहिते, ‘बाबा, जेवण जड झालं असेल, सोडा घेऊन बघा.’ नातू हसून लोळणारा चेहरा टाकतो आणि ग्रुप झोपी जातो. मुलांनी घाबरू नये, एवढाच आजोबांचा हेतू असतो. पण वाचणाऱ्यांनी आधी चेहरा वाचलेला असतो, शब्द नंतर.

वयस्कर आणि मधुमेही रुग्णांत हृदयविकाराचा झटका नेहमीच तीव्र वेदना घेऊन येत नाही. कधी नुसती धाप लागते, घाम फुटतो, छातीत जडपणा वाटतो. रक्तपुरवठा तुटलेला हृदयाचा स्नायू तासागणिक मरत जातो. म्हणूनच अशा निरोपात एका चित्राने झालेला गैरसमज महागात पडू शकतो.

गंमत अशी, की ही चिन्हे जन्माला आली ती गैरसमज टाळण्यासाठीच. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या चर्चेत कुणी तरी लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा विनोद केला आणि काहींना तो खराच वाटला. त्यानंतर १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फाल्मन या प्राध्यापकांनी सुचवले, की विनोद असेल तिथे कोलन, डॅश आणि कंस जोडून आडवा हसरा चेहरा काढावा. पुढे १९९९ मध्ये जपानच्या शिगेताका कुरिता यांनी मोबाइलसाठी १७६ छोटी चित्रे तयार केली.

समोरासमोर बोलताना आवाजाचा चढउतार, डोळे, हात अर्थ सांगत असतात. लेखी निरोपात ते नसतात, ती जागा ही चित्रे भरून काढतात. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या २०१४ मधील अभ्यासात दिसले, की कोलन-डॅश-कंसाचा हसरा चेहरा पाहताना मेंदू माणसाच्या चेहऱ्याला देतो तसाच विद्युत प्रतिसाद देतो. ही ओळख जन्मजात नव्हे, सवयीने शिकलेली आहे.

सवय मात्र प्रत्येकाची वेगळी. मिनेसोटा विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात एकच चित्र दाखवूनही सुमारे २५ टक्के वेळा, त्यातला भाव चांगला, वाईट की मधला, यावरच लोकांचे एकमत झाले नाही. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा रडका समजून एखादी मावशी निधनाच्या बातमीखाली टाकते, ती यामुळेच. २०२३ मध्ये कॅनडातील एका न्यायालयाने तर शेतकऱ्याने पाठवलेला उंचावलेला अंगठा ही कराराला दिलेली संमती मानली आणि माल न दिल्याबद्दल त्याला भरपाई द्यायला लावली.

दवाखान्यातही हाच अंगठा घोटाळा करतो. ‘रक्तदाबाची गोळी बंद करू की चालू ठेवू?’ या प्रश्नावर डॉक्टरांचा अंगठा आला, तर रुग्णाने काय समजावे? ‘वाचले’ की ‘बंद करा’?

थोडे पथ्य पाळले तर हे टळते. आजाराचा निरोप शब्दांतच लिहावा : काय होते आहे, कधीपासून, किती. त्याला हसरा चेहरा जोडू नये. औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ यांचे उत्तर कधीही चित्राने देऊ नये किंवा स्वीकारू नये. स्पष्ट नसेल तर पुन्हा विचारावे. शोकाच्या प्रसंगी दोन शब्द पुरेत. चित्राचा अर्थ ठाऊक नसेल तर ते वापरू नये. दृष्टिहीन व्यक्तीचा फोन प्रत्येक चित्राचे नाव मोठ्याने वाचतो. दहा फुले पाठवली तर तिला तेच दहादा ऐकावे लागते. एखादे पुरे.

आणि घरातील वडीलधाऱ्यांनी हसऱ्या चेहऱ्यासह दुखणे कळवले, तर उत्तर टाइप करू नये. फोन करावा. आवाज थकलेला आहे का, बोलताना धाप लागते का, हे कानांना लगेच कळते. शंका आली तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ग्रुपला सकाळी कळवले तरी चालते.