तळागडाच्या पायथ्याशी हवेत किती मावतं?

आषाढातली दुपार. तळा गावच्या एसटी स्टँडवर पाऊस पत्र्यावर ताशा बडवतोय, वरचा तळागड किल्ला ढगात अर्धा बुडालाय. कोपऱ्यात एक आजी मुंबईतल्या नातवाला मोबाइलवर बघतेय. "अरे, दात पडला का रे तुझा?" नातू तोंड वासून फट दाखवतो आणि ती फट आजीला स्पष्ट दिसते. एवढ्या पावसातून, एवढ्या डोंगरांतून!

मला नेहमी प्रश्न पडतो, हवेच्या या एका पट्ट्यातून जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकेल? यंत्रं कितीही सुधारली तरी ओलांडता येणार नाही, अशी काही रेघ आहे का?

आहे. आणि ती आकडेमोडीने काढता येते!

आधी शत्रू ओळखू. ज्या वस्तूत थोडीही ऊब आहे, तिच्यातले कण सतत थरथरतात आणि त्या थरथरीतून रेडिओचा गोंगाट निघतो. डोंगर, भिजलेली झाडं, आजीचा तळहात, फोनच्या आतली तार, सगळ्यांतून. समजा टॉवर रेडिओलहरींचा २० मेगाहर्ट्झ रुंद पट्टा वापरतोय. तेवढ्या पट्ट्यात या उबेचा गोंगाट किती? एका वॅटचे दहा लाख कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाहूनही थोडा कमी. इतका क्षीण, पण टॉवरवरून आजीच्या हातापर्यंत पोहोचणारी लहरही तशीच क्षीण असते. झुंज बरोबरीची आहे.

१९४८ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत क्लॉड शॅनन या ३२ वर्षांच्या गणितज्ञाने या झुंजीचा हिशेब एका ओळीत मांडला. संदेशाची ताकद गोंगाटाच्या किती पट आहे ते बघा. त्यात एक मिळवा. आता एकापासून दुप्पट दुप्पट करत त्या आकड्यापर्यंत किती उड्यांत पोहोचता ते मोजा. जितक्या उड्या, तितक्या वेळा पट्ट्याची रुंदी: सेकंदाला जास्तीत जास्त तेवढे बिट, म्हणजे 'हो की नाही' एवढ्याशा माहितीचे तुकडे. झालं!

करून बघू. पट्टा तोच, २० मेगाहर्ट्झ म्हणजे २ कोटी हर्ट्झचा. संदेश गोंगाटाइतकाच असेल तर एक अधिक एक दोन, म्हणजे एक उडी: सेकंदाला २ कोटी बिट. संदेश १५ पट असेल तर चार उड्या, ८ कोटी. १०२३ पट असेल तर दहा उड्या, २० कोटी. आता टॉवरची ताकद दुप्पट करा, संदेश २०४७ पट होऊ द्या. किती वाढलं? फक्त एक उडी, २२ कोटी! वीज दुप्पट ओतली आणि पदरात दहावा हिस्सा पडला. त्याऐवजी पट्टाच रुंद मिळाला तर क्षमता भराभर वाढते. २०२२ च्या स्पेक्ट्रमच्या, म्हणजे अशाच पट्ट्यांच्या, लिलावात कंपन्यांनी दीड लाख कोटी रुपयांच्या बोली का लावल्या, ते या एका ओळीत आहे.

खरी गंमत उलट्या टोकाला आहे. संदेश गोंगाटाच्या दहाव्या हिश्श्याइतकाच उरला, म्हणजे पार बुडाला, तर? सूत्र म्हणतं, तरीही सेकंदाला सुमारे साडेसत्तावीस लाख बिट जाऊ शकतात. शून्य नाही! राजपुरीच्या खाडीत होडीवरचं जीपीएस हेच करतं. वीस हजार किलोमीटरवरून येणारी उपग्रहाची हाक गोंगाटाच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतकी असते. तिच्यातून सेकंदाला अवघे ५० बिट येतात, पण बरोबर येतात.

बरोबर कसे येतात? शॅननच्या आधी भल्याभल्यांना वाटायचं की चूक टाळायची तर तेच तेच सांगत राहायचं, म्हणजे वेग मरणार. शॅनन म्हणाला, नाही. रेघेच्या आत राहा, शब्द हुशारीने निवडा, आणि चूक हवी तितकी कमी करता येते.

याचा नमुना तळा तालुक्यातच, कुड्याच्या लेण्यांत आहे. तिथल्या ब्राह्मी लेखांवरून सुमारे दोन हजार वर्षांचा ऊनपाऊस गेलाय. पण दानलेखाची घडण ठरलेली. कोणी, कोणाच्या मुलाने, काय दिलं. 'लेण' (लेणं) आणि 'देयधम' (दान) हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. म्हणून एखादं अक्षर झिजलं तरी जाणकार ते भरून काढतो, तिथे दुसरं काही बसतच नाही. फोनमधली सांकेतिक भाषा अशीच बांधलेली असते. तिचे शब्द एकमेकांपासून इतके दूर ठेवलेले असतात की चार बिट पुसले तरी मूळ शब्द ओळखू यावा.

पण तळ्यात या घडीला गोंगाटाच्या किती पट संदेश पोहोचतोय, हे फोनला कळतं कसं? गणपतीत लांबच्या कर्ण्यावरून ओळखीची आरती आली की शब्द पाठ असल्यामुळे कर्णा कुठे फाटतोय ते लगेच कळतं ना? टॉवरही आपल्या बोलण्यात सेकंदाला हजारो वेळा फोनला आधीच पाठ असलेले संकेत पेरतो. ते कसे येऊन पोहोचले यावरून फोन वाटेचं माप घेतो.

मात्र मोजेपर्यंत वाटच बदलली तर? हा प्रश्न गणिताने धसास लावला पुण्यात जन्मलेल्या थॉमस कैलथ यांनी. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते एमआयटीत गेले, आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी अट सांगितली: आपटून उशिरा येणाऱ्या लहरींच्या, म्हणजे प्रतिध्वनींच्या, पसाऱ्याचा वेळ आणि वाट बदलण्याचा वेग यांचा गुणाकार एकाच्या आत हवा. तळागडावर आपटून येणारी लहर ३०० मीटर जास्त फिरली, तर तिला सेकंदाचा दहा लाखावा भाग उशीर होतो. एसटी ताशी ६० च्या वेगाने धावत असेल, तर वाट सेकंदाला साधारण सव्वाशे वेळा बदलते. गुणाकार येतो दहा हजारांत जेमतेम एक. मोजायला भरपूर सवड आहे!

आणि तो प्रतिध्वनी? पूर्वी तो निव्वळ उपद्रव मानला जाई. लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आरोग्यस्वामी पॉलराज पुढे स्टॅनफर्डमध्ये कैलथ यांच्यासोबत काम करत होते. एकापेक्षा जास्त अँटेना लावल्या तर वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या लहरी एकाच पट्ट्यात वेगवेगळे संदेश वाहू शकतील, हे त्यांनी ओळखलं. दोघांच्या नावावर १९९४ मध्ये त्याचं पेटंट झालं. दोन्ही टोकांना दोन-दोन अँटेना आणि वाटा पुरेशा वेगळ्या असल्या, तर तितक्याच विजेत, तितक्याच पट्ट्यात क्षमता जवळजवळ दुप्पट. लहर अडवणारा डोंगरच दुसरी वाट उघडून देतो!

आजीचा हात अवघडला, तिने फोन चार बोटं डावीकडे सरकवला. लहरीची लांबी तेरा सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर हे अंतर तिच्या निम्म्याएवढं. तळागडावरून, पत्र्यावरून, समोरच्या एसटीवरून येणाऱ्या सगळ्या प्रतिध्वनींची बेरीज बदलली. आजीची पापणी लवण्याआधी फोनने नवं माप घेऊन टॉवरला कळवलंही. पडद्यावर नातू अजून तोंड वासून उभा आहे.