रोमचे पाणी कोण पळवत होते?

रोमन साम्राज्य म्हटले की तलवारी, रथांच्या शर्यती आणि आखाड्यातल्या सिंहांच्या झुंजी डोळ्यांपुढे येतात. पण सुमारे दहा लाख वस्तीच्या त्या महानगराला जगवले ते डोंगरातून आणलेल्या पाण्याने. त्या पाण्याच्या चोऱ्या उघडकीला आणणारा एक अधिकारीही तिथे होऊन गेला.

रोम शहर टायबर नदीच्या काठी वसले. पहिली चारशे वर्षे लोक नदीचे, विहिरींचे आणि आसपासच्या झऱ्यांचे पाणी पीत. वस्ती वाढली तसे ते पाणी अपुरे पडू लागले. इ.स.पू. ३१२ मध्ये आपियस क्लॉडियस या अधिकाऱ्याने शहराबाहेरच्या झऱ्यांचे पाणी सोळा किलोमीटरवरून रोममध्ये आणले. ही पहिली जलवाहिनी जवळजवळ पूर्णपणे जमिनीखालून जात होती. रोमहून दक्षिणेकडे जाणारा प्रसिद्ध ‘आपियन मार्ग’ही याच माणसाने सुरू केला. पुढच्या साडेपाचशे वर्षांत अशा अकरा जलवाहिन्या झाल्या. त्यांतली ‘मार्सिया’ तब्बल ९१ किलोमीटर लांबीची होती आणि तिचे थंडगार, नितळ पाणी रोमन लोकांना विशेष प्रिय होते.

पंप नाही, वीज नाही

हे सारे पाणी केवळ उतारावरून वाहत येई. उतार जास्त झाला तर पाण्याच्या वेगाने बांधकाम उखडणार आणि कमी पडला तर पाणी तुंबणार. त्यासाठी वीस फूट लांबीचे एक लाकडी मेजासारखे साधन वापरत. त्याला ओळंबे लावलेले असत. वारा असला की ओळंबे हलत, म्हणून वरच्या बाजूला पाण्याने भरलेली खाचही असे. एवढ्या साधनांवर केलेल्या कामाची अचूकता थक्क करणारी आहे. आजच्या फ्रान्समधील नीम शहरासाठी रोमनांनी सुमारे पन्नास किलोमीटरचा पाट बांधला, त्याचा एकूण उतार तेरा मीटरपेक्षाही कमी आहे. म्हणजे एका किलोमीटरला जेमतेम पंचवीस सेंटिमीटर!

चित्रांत दिसणाऱ्या उंच कमानी हा या व्यवस्थेचा लहानसा भाग होता. दरी ओलांडायची असेल किंवा शहरात शिरताना पाण्याची उंची राखायची असेल तिथेच त्या बांधल्या जात. पाट गळू नये म्हणून आतून चुना आणि कौलांचा चुरा यांचा गिलावा देत. आपल्याकडे जुन्या बांधकामांत सुरखी वापरत, त्यातलाच हा प्रकार.

आधी रस्त्यावरचा हौद

शहरात आलेले पाणी मोठ्या वाटप-हौदांत पडे आणि तिथून शिशाच्या किंवा भाजक्या मातीच्या नळांनी पुढे जाई. शिशाच्या नळाचे पाणी आरोग्याला चांगले नाही, मातीचे नळ बरे, असे व्हिट्रुव्हियस या स्थापत्यकाराने दोन हजार वर्षांपूर्वीच बजावले होते. हौदाचे तीन भाग करावेत, असाही त्याचा सल्ला होता. एका भागातून रस्त्यावरच्या हौदांना आणि कारंज्यांना पाणी जावे, दुसऱ्यातून स्नानगृहांना आणि तिसऱ्यातून खासगी घरांना. बाजूच्या दोन भागांतले जादा पाणी सार्वजनिक हौदांच्या भागात पडावे, म्हणजे टंचाईतही सामान्य माणसाच्या हौदाला झळ लागू नये.

इ.स. १०० च्या सुमारास रोममध्ये असे ५९१ सार्वजनिक हौद होते. चार-पाच मजली चाळवजा इमारतींत राहणारी गोरगरीब कुटुंबे तिथून पाणी भरत आणि जिने चढून वर नेत. हौद भरून वाहिले की ते पाणी रस्ते आणि गटारे धुऊन नेई. घरात नळ हवा असेल तर थेट सम्राटाची परवानगी लागे. ती त्या माणसापुरतीच असे. तो वारला किंवा त्याने घर विकले की परवानगी संपली. वारसालाही नव्याने अर्ज करावा लागे.

फ्रंटिनस हिशेब मागतो

नियम असे चोख, पण कारभार? इ.स. ९७ मध्ये सम्राट नर्व्हा याने सेक्स्टस ज्युलियस फ्रंटिनस या ज्येष्ठ सरदाराला रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख नेमले. ब्रिटनचा गव्हर्नर राहिलेला हा माणूस आयुष्यभर लढाया आणि राज्यकारभार यांत मुरलेला होता. पाण्यातले त्याला काही कळत नव्हते. पण हाताखालच्या लोकांच्या सांगण्यावर खाते चालवणे त्याला कमीपणाचे वाटले. म्हणून त्याने सगळ्या जलवाहिन्या पायाखाली घातल्या, त्यांचे नकाशे काढून घेतले आणि जे शिकला ते लिहून काढले. हे छोटेसे पुस्तक आजही उपलब्ध आहे आणि आपल्याला रोमच्या पाण्याबद्दल जे कळते ते बरेचसे त्यातूनच.

दप्तर उघडताच त्याला पहिला धक्का बसला. ‘क्विनारिया’ या मापाने नोंदवही सांगत होती की, जलवाहिन्यांतून मिळणारे पाणी १२,७५५ आणि वाटलेले पाणी १४,०१८. मिळाले त्यापेक्षा वाटले जास्त! मग त्याने पाणी उगमापाशीच मोजायला घेतले, तर नोंदीपेक्षा सुमारे दहा हजार क्विनारिया जास्त पाणी पाटात शिरत होते. एवढे पाणी जात होते कुठे?

उत्तर त्याला हळूहळू मिळत गेले. वाटेवरचे शेतकरी पाट फोडून मळे भिजवत. शहरात नळाच्या तोंडाशी ठरावीक मापाचे, शिक्का मारलेले कांस्याचे तोंड बसवायचे असे. पाणीखात्याचीच माणसे पैसे घेऊन तिथे मोठे किंवा बिनशिक्क्याचे तोंड बसवत. काही ठिकाणी ते खालच्या पातळीवर लावत, म्हणजे पाणी जास्त ओढले जाई. परवानगी नव्या मालकाकडे गेली की त्याच्यासाठी नवे छिद्र पाडत आणि जुने तसेच ठेवून त्यातले पाणी विकत. रस्त्याखालचे नळ ठिकठिकाणी टोचून दुकानांना पाणी देणारी एक गुप्त यंत्रणाच उभी होती. त्या चोरट्या जोडण्या उखडल्यावर निघालेल्या शिशाचाच मोठा ढीग झाला.

डागडुजीसाठी खात्याकडे सातशे गुलाम कामगार होते. त्यांतलेही अनेक जण वशिल्याने बड्या लोकांच्या खासगी कामांवर राबत. फ्रंटिनसने त्यांना परत बोलावले. उद्या कोण काय करणार हे आदल्या दिवशी ठरवायचे आणि रोजच्या कामाची नोंद ठेवायची, अशी शिस्त लावली. पाणीपट्टीचे वर्षाला सुमारे अडीच लाख सेस्टर्स आधीच्या सम्राटाच्या, डोमिशियनच्या, खासगी तिजोरीत जात होते. ते नर्व्हाने पुन्हा जनतेच्या खजिन्यात वळवले. नवी जलवाहिनी न बांधताच शहराचे पाणी वाढले!

पाट फुटले तेव्हा

ही रोजची देखभाल थांबली तर काय होते, तेही रोमने पाहिले. पाचव्या शतकापर्यंत साम्राज्य खिळखिळे झाले होते, शहराची वस्ती उतरणीला लागली होती. इ.स. ५३७ मध्ये गॉथ राजा व्हिटिगेस याने रोमला वेढा घातला आणि शहराकडे येणाऱ्या जलवाहिन्या तोडल्या. आत अडकलेला सेनापती बेलिसारियस याने त्यांची तोंडे चिणून टाकली, कारण आदल्याच वर्षी तो स्वतः जलवाहिनीच्या बोगद्यातून माणसे घुसवून नेपल्स जिंकून आला होता. पाणी बंद होताच स्नानगृहे ओस पडली, पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या थांबल्या. बेलिसारियसने टायबर नदीत होड्यांच्या जोड्या बांधून त्यांच्यामध्ये पाणचक्क्या लावल्या आणि लोकांना कसेबसे पीठ मिळाले.

युद्ध, रोगराई आणि उपासमार यांनी लोकसंख्या झपाट्याने घटली. पुढे काही जलवाहिन्या दुरुस्त झाल्या, पण सातशे माणसांचा तो ताफा आणि तो खजिना पुन्हा उभा राहिला नाही. टेकड्यांवरची घरे सोडून लोक नदीच्या वळणाशी, सखल भागात उतरले. एके काळी डोंगरातले गार पाणी पिणारे शहर पुन्हा नदीवर आणि विहिरींवर आले.

अकरांपैकी एका जलवाहिनीचे नाव मात्र टिकले. इ.स.पू. १९ मध्ये अग्रिपाने बांधलेली ‘व्हर्गो’ बहुतेक जमिनीखालून जात असल्याने तग धरून राहिली. मध्ययुगात तिचे पाणी कमी-जास्त होत गेले, पण दर काही पिढ्यांनी कोणी ना कोणी तिची दुरुस्ती केली. १७६२ मध्ये पूर्ण झालेल्या ट्रेव्ही कारंज्याला पाणी पुरवले ते याच जलवाहिनीने. आज जगभरचे प्रवासी तिथे पाठ करून नाणी टाकतात आणि रोमला पुन्हा येण्याची इच्छा मागतात. कारंजे घडवणाऱ्याचे नाव त्यांच्या माहितीपुस्तिकेत असते. पाटातला गाळ उपसणाऱ्यांची आणि गळती बुजवणाऱ्यांची नावे कुठेच नाहीत. मात्र दोन हजार वर्षे हे पाणी चालू राहिले ते त्यांच्याच हातांनी.