वह्यांपर्यंत न पोचलेली पीएच.डी.

वाणिज्य शाखेतल्या डॉक्टरेटचा आढावा घ्यायचा, तर तो डॉ. आंबेडकरांपासून सुरू करायला हवा. १९१८ ते १९२० मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून ते पुन्हा लंडनला गेले आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध १९२३ साली पुस्तकरूपाने आला. कोलंबिया विद्यापीठासाठी केलेलं प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं काम १९२५ साली छापलं गेलं. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. अर्थशास्त्रवाले या दोन्ही ग्रंथांवर आपला हक्क सांगतात, तो खुशाल सांगोत. पण १८३३ पासूनचे सरकारी जमाखर्च उलगडून त्यातून सत्ता कुणाच्या हातात होती हे दाखवणारा माणूस हिशेबशास्त्राचाच अभ्यास करत होता, असं माझं ठाम मत आहे. त्या प्रबंधांत मूळ आकड्यांशी थेट गाठ पडते.

नंतरचा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे. धनंजयराव गाडगीळांनी सहकाराचं अर्थकारण अभ्यासलं आणि प्रवरानगरला प्रत्यक्ष उभंही केलं. मुंबईत १९६५ साली जमनालाल बजाज संस्था निघाली, १९७१ साली पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग. पुढची वीस-पंचवीस वर्षं नागरी बँका, साखर कारखाने आणि ताळेबंदांची गुणोत्तरं यांच्यावर प्रबंध येत राहिले. काही चांगले होते, पुष्कळसे एकसारखे. तिथे रेंगाळण्यात अर्थ नाही.

मला रेंगाळायचं आहे ते मूळ वह्यांपाशी. मी राहतो दुबईच्या अल मनखूलमध्ये. इथून मीना बझार आणि खाडीकाठची जुनी कापडपेठ पायी जाण्याइतकी जवळ. हिशेब तपासनीस म्हणून उमेदीची वर्षं याच पट्ट्यात गेली. बाबासाहेबांनी ज्या रुपयावर प्रबंध लिहिला, तो रुपया या खाडीवर १९६६ पर्यंत चालत होता. सोन्याच्या चोरट्या व्यापारापायी भारताचं परकीय चलन गळू लागलं, म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. ६ जून १९६६ ला भारताने अवमूल्यन केलं, डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला आणि इथल्या अमिरातींनी रुपया सोडला. दुबईत कतार-दुबई रियाल आला, मग १९७३ च्या मे महिन्यात दिरहम.

हे इतिहासाच्या पुस्तकात सापडतं. वहीत सापडतं ते निराळं. इथल्या एका जुन्या कापड पेढीची १९६६ ची खतावणी मी पाहिली आहे. लाल कापडी बांधणी, लांबट पानं, रेघा नाहीत, नुसते सळ पाडलेले. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, अक्षर गुजराती. जूननंतर प्रत्येक खात्याची बाकी नव्या चलनात ओढताना शेठजींनी एकच भाव लावलेला नाही. नात्यातल्या आणि जुन्या गिऱ्हाइकांची बाकी एका भावाने, नव्यांची दुसऱ्या. समासात बारीक अक्षरात कारण लिहिलंय: अमक्याच्या घरी लग्न, तमक्याचा माल अजून बंदरात. पत, नातं आणि तोटा वाटून घेण्याची रीत, तिन्ही त्या पानावर उतरलेली. व्यवस्थापनशास्त्रात ‘विश्वास’ या विषयावर एवढं लिहिलं जातं, त्यातलं किती या पानाच्या जवळ जाईल?

विद्यापीठातली काही वजनदार मंडळी यावर म्हणतात, एका पेढीवरून निष्कर्ष काढता येत नाही, नमुना मोठा हवा. त्यांना मी मिंट्झबर्गची आठवण करून देतो. १९६८ चा त्याचा एमआयटीतला प्रबंध पाच व्यवस्थापकांवर उभा आहे. प्रत्येकाजवळ एक आठवडा बसून तो काय करतो, कुणाशी बोलतो, कोणतं पत्र उघडतो, हे त्याने टिपलं. १९७३ साली त्याचं पुस्तक आलं आणि व्यवस्थापक शांतपणे नियोजन करत बसतो ही समजूत मोडली. त्याच १९६८ साली बॉल आणि ब्राउन यांनी नफ्याचे आकडे आणि शेअरचा भाव यांचा संबंध तपासला आणि अमेरिकेत लेखा-संशोधनाला संख्याशास्त्राचं वळण लागलं. तेही मोलाचं काम, पण त्यांचे आकडे खऱ्या कंपन्यांचे होते. आपण त्यांची संख्याशास्त्रीय तंत्रं घेतली आणि आकडे मात्र प्रश्नावलीतून तयार करू लागलो.

‘विशेष संदर्भ अमुक जिल्हा’ असं शीर्षक, पाच पायऱ्यांची लिकर्ट मोजपट्टी, चारशे प्रतिसाद, आणि शेवटी ‘प्रशिक्षण वाढवावे’ ही शिफारस. शोधगंगेवर असे प्रबंध ओळीने दिसतात आणि जीव तुटतो. नियमांनीही हातभार लावला. २००९ पासून कोर्सवर्क आलं, ते योग्यच होतं. पण त्याच नियमांत प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्तीही आली आणि पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचं पेव फुटलं. २०२२ साली सक्ती उठली, पण तोवर एका पिढीला ती सवय लागून गेली होती. आणि मोडी लिपीतल्या जुन्या हिशेबांचं काय? पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालच्या रुमाल जमाखर्च पडला आहे. इतिहासाचे अभ्यासक तिथे जातात, वाणिज्याचा विद्यार्थी मला तिथे क्वचितच भेटला.

दुबईत आता डॉक्टरेटचे वर्ग भरपूर आहेत. अ‍ॅकॅडेमिक सिटीत परदेशी विद्यापीठं आहेत, सिम्बायोसिस आली, २०२५ मध्ये अहमदाबादच्या आयआयएमनेही इथे पाय रोवला. चाळिशीतले मराठी अधिकारी शनिवार-रविवारी अभ्यास करतात, त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. मध्यंतरी असाच एक जण घरी आला. मोठ्या व्यापारी कंपनीत वित्त विभागात, विषय कौटुंबिक व्यवसायांतलं अंतर्गत नियंत्रण. पहिला प्रश्न, “काका, रिस्पॉन्डंट किती धरू?” मी म्हटलं, “तुझ्या टेबलावर तीस वर्षांची खाती आहेत. मालकाची परवानगी काढ, नावं झाक आणि ती वाच.” तो म्हणाला, गाईड मानणार नाहीत. माझं भांडण आहे ते त्या गाईडशी.

कारण वेळ फार उरलेला नाही. अमिरातीत १ जानेवारी २०१८ ला ५ टक्के व्हॅट आला, जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांना ३,७५,००० दिरहमांवरच्या नफ्यावर ९ टक्के कंपनीकर. गल्लीतल्या छोट्या दुकानांनीही त्यामुळे रीतसर संगणकीय हिशेब ठेवायला घेतले. व्हॅटची कागदपत्रं सर्वसाधारणपणे पाच वर्षं जपायची, कंपनीकराची सात. त्याआधीचं जपायला कायदा सांगत नाही. पेढी नव्या जागेत गेली की जुन्या वह्यांची खोकी लिफ्टजवळ येतात आणि तिथून रद्दीत. मुलाला ती लिपी वाचता येत नाही, नातवाला ती काय आहे हेच माहीत नसतं.

पुण्या-मुंबईच्या विभागप्रमुखांनी दोन-तीन विद्यार्थी तरी या कामाला लावावेत. त्यांनी गुजराती अक्षर आणि जुने आकडे शिकून यावं, कॅमेरा आणावा, पेढीवाल्यांशी गोपनीयतेचा लेखी करार करावा. सुरुवात १९६६ ते १९७३ या वर्षांपासून करावी, कारण तेवढ्याच काळात रुपया, रियाल आणि दिरहम अशी तिन्ही चलनं एकाच पेढीच्या वह्यांत भेटतात. चार-पाच पेढ्यांचे वारस वह्या दाखवायला तयार आहेत. ओळख करून द्यायचं काम माझं.