कमानिया गेटचे हलवाई

जबलपुरात कमानिया गेटपाशी बडकुल हलवाईंचं दुकान आहे. १८८९ साली हरप्रसाद बडकुल यांनी खोव्याची जिलबी पहिल्यांदा केली, असं शहर अभिमानाने सांगतं. गेट त्यामानाने पोरसवदा. १९३९च्या काँग्रेसच्या त्रिपुरी अधिवेशनाची आठवण म्हणून ते उभं राहिलं.

मैद्याच्या जिलबीवर वाढलेल्या माणसाला ही जिलबी आधी करपलेलीच वाटते. रंग गडद तपकिरी, वेटोळी चांगली जाड. खोवा आणि तिखुर, म्हणजे आपली तवकीर, एकत्र फेटून सैलसर करतात. पीठ आंबवायची भानगड नाही. भोक पाडलेल्या फडक्यातून तईतल्या तुपात जिलब्या पाडायच्या आणि आच मंद ठेवायची. घाई केली की वरून काळी, आतून कच्ची. खोव्यातली दुधाची साखर आणि प्रथिनं तापली की तो रंग आणि खमंगपणा येतो. कोकोच्या बिया भाजताना असाच प्रकार घडतो. तळली की थेट पाकात. मैदा नाही, त्यामुळे उपासाच्या ताटातही तिची सोय होते.

‘हलवाई’ हा शब्द पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपतीमुळे मराठी माणसाच्या कायम तोंडी असतो. दगडूशेठ खरोखरच मिठाईचे व्यापारी होते, हे मात्र दर्शनाच्या रांगेत कुणाला आठवत नाही. अरबीत ‘हलवा’ म्हणजे गोड पदार्थ. तो करणारा, विकणारा तो हलवाई. ‘जिलबी’सुद्धा अरबी ‘जुलाबिया’च्या गोतातली. पदार्थावरून कारागिराचं नाव पाडायचा मार्ग फ्रेंचांनीही धरला: ‘शोकोला’ म्हणजे चॉकलेट, त्यापुढे प्रत्यय लावून ‘शोकोलातिये’. त्यांचा मूळ शब्द मेक्सिकोतून स्पॅनिशमार्गे आला. तो तिथे नेमका कसा घडला यावर भाषापंडित अजून भांडतात.

गंमत अशी, की शोकोलातिये बहुधा कोकोच्या बियांपासून सुरुवात करतच नाही. तयार चॉकलेट आणतो, ते वितळवून ठरावीक तापमानाला आणतो, साच्यात ओततो, आत सारण भरतो. बिया भाजून दळणारा कारखानदार वेगळा. हलवायाकडेही खोवा पुष्कळदा मावेवाल्याकडूनच येतो. दूध आटवत तासन्‌तास चुलीपाशी बसणारा तो, नाव मात्र शेवटचा हात फिरवणाऱ्याचं. मला यात फारसा अन्याय दिसत नाही. खोवा खवट निघाला, तर गिऱ्हाईक मावेवाल्याचा पत्ता विचारत नाही.