क्वारात्सखेलिया : एकट्याच्या खेळाला लागणारी माणसे

लहान देशातून मोठा खेळाडू निघाला की त्याला चमत्कार म्हणून मोकळे व्हायचे, ही क्रीडालेखनातली जुनी सवय. जेमतेम 37 लाख वस्तीच्या जॉर्जियातून आलेल्या ख्विचा क्वारात्सखेलियाच्या वाट्यालाही तेच आले. 2022 मध्ये तो नापोलीत रुजू झाला आणि काही आठवड्यांतच तिथल्या चाहत्यांनी त्याला ‘क्वारादोना’ करून टाकले. मॅराडोनाच्या शहरात याहून मोठा मान नाही, आणि याहून जड ओझेही नाही. पण त्याची कारकीर्द सलग तपासली तर चमत्काराची उपपत्ती टिकत नाही. डाव्या बगलेवरून बचावपटूंना चकवत आत घुसणारे कलावंत जॉर्जियाला नवे नाहीत. अशा कलावंताला पेलणारा संघ मिळणे ही तिथली दुर्मीळ गोष्ट.

1960 ची पहिली युरोपीय स्पर्धा सोव्हिएत संघाने जिंकली तेव्हा त्याच्या डाव्या बगलेवर तिबिलिसीचा मिखाइल मेसखी होता. दिनामो तिबिलिसीने 1964 आणि 1978 मध्ये सोव्हिएत लीग जिंकली. 1981 मध्ये ड्युसेलडॉर्फला कार्ल त्साइस येनाला 2-1 असे हरवून कप विनर्स कपही नेला. म्हणजे खेळाची परंपरा होती, आणि तिला धरून ठेवणारा क्लबही होता. स्वातंत्र्यानंतर क्लबांची ताकद ओसरली, खेळाडू मात्र निपजत राहिले. शोता अर्वेलाद्झे ट्रॅब्झोनस्पोर, अयाक्स, रेंजर्स अशा क्लबांकडून गोलांचा रतीब घालत राहिला, देशासाठी त्याने 26 गोल केले. तरी त्याच्या काळात जॉर्जिया एकाही मोठ्या स्पर्धेला पात्र ठरला नाही. गिओर्गी किंकलाद्झेची कथा तर अधिकच बोलकी. 1995 मध्ये तो मँचेस्टर सिटीत आला, प्रेक्षक त्याच्यावर लुब्ध झाले, आणि त्याच मोसमात सिटीची खालच्या श्रेणीत घसरण झाली. 1998 मध्ये तो क्लब सोडून गेला तेव्हा सिटी तिसऱ्या श्रेणीत पोहोचली होती. त्याच्या पायांतली जादू खरीच होती, पण तिच्याभोवती संघ उभा करणे कुणाला जमले नाही.

क्वारात्सखेलियाचा जन्म 2001 चा, तिबिलिसीतला. वडील बद्री हे अझरबैजानच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेले आघाडीपटू. दिनामोची अकादमी, मग रुस्तावी, लोकोमोटिव्ह मॉस्कोत काही काळ उसनवारीवर, आणि 2019 पासून रुबिन कझान, असा त्याचा प्रवास. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च 2022 मध्ये त्याने रशिया सोडला आणि काळ्या समुद्राकाठच्या दिनामो बाटुमीकडून 11 सामन्यांत 8 गोल केले. त्या उन्हाळ्यात नापोलीने सुमारे एक कोटी युरोंत त्याला घेतले. युरोपच्या बाजारात ही किंमत किरकोळच.

नापोलीत प्रशिक्षक लुचानो स्पालेत्तींनी त्याला नेमकी जागा दिली. पुढे व्हिक्टर ओसिमेन बचावफळीला गुंतवून ठेवी, मागे मधली फळी चेंडू भराभर पुरवी, आणि डाव्या बगलेवर त्याला बहुधा एकाच बचावपटूशी झुंजावे लागे. त्याने 12 गोल केले, तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, नापोलीने 33 वर्षांनी विजेतेपद मिळवले. पुढच्या मोसमाआधी स्पालेत्ती गेले, वर्षभरात तीन प्रशिक्षक झाले आणि गतविजेते थेट दहाव्या स्थानावर फेकले गेले. क्वारात्सखेलियाने तेव्हाही 11 गोल केले होते. जानेवारी 2025 मध्ये तो पॅरिस सेंट-जर्मेनला गेला. नापोलीने मात्र त्याच मोसमात, उरलेले निम्मे वर्ष त्याच्याविना खेळून, पुन्हा लीग जिंकली. पॅरिसचा अनुभवही याला जुळणारा. एम्बापे असताना न मिळालेली चॅम्पियन्स लीग त्या क्लबला तो गेल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात मिळाली. लुइस एनरिके यांच्या संघात बगलेवरच्या खेळाडूलाही चेंडू गमावताच प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडावे लागते, वेळ पडल्यास स्वतःच्या गोलपर्यंत मागे धावावे लागते. क्वारात्सखेलियाने हे हमालीचे काम बिनतक्रार स्वीकारले. म्युनिकच्या अंतिम सामन्यात इंटरवर 5-0 असा विजय मिळाला, त्यातला चौथा गोल त्याचा.

यावर कुणी म्हणेल, मग 2024 च्या युरोचे काय? पोर्तुगालविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला गोल करून त्यानेच इतिहास घडवला ना? गोल त्याचा, हे खरे. पण त्याआधी प्रतिस्पर्ध्याचा चुकलेला पास हेरून चेंडू त्याच्यापर्यंत आणला तो मिकाउताद्झेने. शिवाय गटविजेतेपद निश्चित झालेल्या पोर्तुगालने संघात बरेच बदल केले होते. मुळात जॉर्जिया स्पर्धेत पोहोचला तोच प्ले-ऑफमध्ये लक्झेंबर्गला 2-0 हरवून, आणि त्या सामन्यात क्वारात्सखेलिया निलंबित होता. त्यापुढच्या निर्णायक प्ले-ऑफ सामन्यात ग्रीसविरुद्धची शूटआउट जिंकून देणारी शेवटची पेनल्टी क्वेक्वेस्किरीची. आणि मुख्य स्पर्धेत गोलरक्षक मामार्दाश्विलीने गोल राखला नसता तर पहिल्या फेरीतच गाशा गुंडाळावा लागला असता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : सांघिक निकालांवरून व्यक्तीची थोरवी मोजणे अन्यायाचे नाही का? आहेच. म्हणून तर किंकलाद्झेला कमी लेखता येत नाही. हिशेब गुणवत्तेचा नाही, ती कुठे फळाला येते याचा आहे. देशाच्या संघात तेच पाठबळ अजून पुरेसे उभे राहिलेले नाही : 2026 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत स्पेन आणि तुर्कस्तानच्या मागे जॉर्जिया तिसरा राहिला, आणि युरोप जिंकलेला क्वारात्सखेलिया संघात असूनही त्याला विश्वचषक गाठता आला नाही.